मर्यादेची मुद्रा आणि सतरा वर्षांची फट

सुरतेचे नाव मराठी माणसाच्या मनात १६६४ आणि १६७० या दोन सालांशी जोडलेले आहे. त्याच शिवकाळातील एक लहानशी वस्तू येथे निराळ्या कारणासाठी आठवते. महाराजांच्या पत्राच्या माथ्यावर मुख्य मुद्रा असे आणि मजकूर संपताच खाली दुसरी, लहान मुद्रा उमटे : ‘मर्यादेयं विराजते’. पत्राची सीमा येथे झाली. यापुढे कोणी अक्षर वाढविले तर ते आमचे नव्हे, असा तिचा आशय. सुरतेसारख्या पेठांतून फिरणाऱ्या हुंडीतही अशीच दक्षता असे. रक्कम अंकी व अक्षरी लिहूनही लिहिणारा थांबत नसे. तिची निमे किती व त्याची दुप्पट किती, हेही तो नोंदवी. कोणी एक शून्य वाढविलेच, तर निमे रक्कम ती लबाडी उघडी पाडी.

संगणकाच्या युगाने ही दक्षता बराच काळ सैल सोडली. १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत ‘सी’ ही आज्ञाभाषा घडविली. ती अत्यंत वेगवान. परंतु स्मृतीतील जागा मोजण्याचे काम तिने आज्ञावली लिहिणाऱ्याच्या भरवशावर सोपविले. आलेला मजकूर नेमलेल्या जागेपेक्षा लांब निघाला आणि मोजणी झालेली नसली, तर तो शेजारच्या जागेत सांडतो. यंत्राने पुढे कोणत्या आज्ञेकडे वळावे, हा पत्ता त्या शेजारच्या जागेत असेल, तर परक्याने धाडलेला मजकूरच त्या यंत्राचा धनी होऊन बसतो. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत पसरलेल्या ‘मॉरिस वर्म’ने जे मार्ग वापरले, त्यांपैकी एक हाच होता : ५१२ अक्षरांच्या जागेत ५३६ अक्षरे.

हिशेबाच्या वहीशी याचा काय संबंध, असे वाचक विचारतील. १९७९ साली ‘व्हिजिकॅल्क’, १९८३ साली ‘लोटस १-२-३’ आणि १९८५ साली ‘एक्सेल’ आले, आणि पुढील दोन दशकांत रोजकीर्द व खतावणी कागदावरून पडद्यावर गेली. वरवर पाहता ते आकड्यांचे रकानेच. प्रत्यक्षात त्या पत्रकाच्या पोटात चित्रे, सूत्रे आणि अन्य आज्ञावलींचे तुकडेही ठेवता येतात. मार्च २०११ मध्ये ‘आर.एस.ए.’ या सुरक्षाक्षेत्रातीलच नामांकित अमेरिकन कंपनीत चोर शिरले, ते नोकरभरतीच्या नावाने आलेल्या एक्सेल पत्रकातून. दोष एक्सेलचा नव्हता. पत्रकात दडविलेल्या ‘फ्लॅश’ या आज्ञावलीच्या स्मृतिव्यवहारात तो होता.

याहून बोलके उदाहरण २०१७ चे. गणिती समीकरणे लिहिण्यासाठी मायक्रोसॉफ्टने ‘डिझाइन सायन्स’ कंपनीकडून घेतलेले एक साधन ऑफिस संचात होते. २००७ मध्ये त्याची जागा नव्या साधनाने घेतली. परंतु जुन्या दस्तऐवजांतील समीकरणे उघडावीत म्हणून ते तसेच राहू दिले. नोव्हेंबर २००० मध्ये सिद्ध केलेली ती प्रत टंकाचे, म्हणजे अक्षरवळणाचे नाव वाचताना त्याची लांबी मोजतच नसे. मधल्या काळात यंत्रांत आलेली संरक्षक कवचेही तिच्या अंगावर नव्हती. फट सतरा वर्षे राहिली. नोव्हेंबर २०१७ मध्ये ती बुजविली. लगेच दुसरी सापडली, आणि जानेवारी २०१८ मध्ये ते साधनच काढून टाकण्यात आले.

येथे आपल्यासारख्या, जुने दफ्तर जपणाऱ्या घराण्यांनी थोडे थांबावे. ते साधन आळसाने राहिलेले नव्हते. जुने लेखन वाचता यावे या सद्हेतूने राहिले होते. मोडी लिपीतील कागद उलगडणाऱ्याला हा हेतू परका वाटणार नाही. पण जपणे आणि विसरणे यांत अंतर आहे. जपलेल्या वस्तूकडे वेळोवेळी पाहिले जाते. ज्या कोठीत वर्षानुवर्षे कोणी डोकावत नाही, पण जिचे दार घराबाहेर उघडते, ती वारसा न राहता धोका होते.

शिवकालीन मुद्रेत आणि या यंत्रात एक मोठा भेदही आहे. ती मुद्रा पाठविणारा उमटवीत असे, आणि तो विश्वासाचा असे. येथे पाठविणारा अनोळखी. म्हणून मोजमाप स्वीकारणाऱ्यानेच केले पाहिजे. आपल्या उत्पादनांतील दरवर्षीच्या सुरक्षादोषांपैकी सुमारे ७० टक्के स्मृतीच्या अशाच गैरव्यवहारातून उद्भवतात, असे मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी २०१९ मध्ये सांगितले. २०१५ साली पहिली स्थिर आवृत्ती आलेल्या ‘रस्ट’सारख्या भाषा हे मोजमाप माणसाच्या स्मरणावर न सोडता स्वतःकडे घेतात. तथापि जुनी आज्ञावली एका दिवसात बदलत नाही.

तोवर कापडबाजारातील गाळा असो की घरची जमाखर्चाची वही, नियम साधा आहे. अनोळखी पत्रक आले तर ते केवळ वाचण्याच्या सुरक्षित स्थितीत उघडावे, दुरुस्त्या वेळेवर घ्याव्यात, आणि ज्याच्या दुरुस्त्या बंद झाल्या ते साधन कामातून काढावे. हुंडी हाती येताच निमे रक्कम ताडून पाहणाऱ्या मुनिमाला हे निराळे सांगावे लागले नसते.