सुगीची सुट्टी कुणी ठरवायची?

आमच्या तात्यांच्या, म्हणजे आजोबांच्या धाकट्या भावाच्या गोष्टींत सरकार फारसं यायचंच नाही. यायचं ते 'बोर्ड'. बोर्डाची शाळा, बोर्डाचा मास्तर. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या दुष्काळी गावात शाळा मारुतीच्या देवळात भरायची. ज्वारी काढणीला आली की मास्तर पारावर येऊन चार जाणत्यांशी बोलायचे आणि सुगीची सुट्टी ठरायची. "पोरं रानात आन् मास्तर एकटाच देवळात, मग शाळा काय मारुतीसाठी भरवायची?" असं तात्या विचारायचे. पुढं गावानं शाळेला दोन खोल्या बांधल्या. पडक्या वाड्याचा दगड, कुणाच्या बांधावरच्या लिंबाच्या तुळया. दगड वाहताना कुणाच्या गाडीचा आस मोडला, हेही त्यांना पाठ होतं.

रँग्लर परांजपे मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री असताना १९२३ साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि शाळांचा कारभार जिल्हा लोकल बोर्डं नि नगरपालिकांकडे सोपवला गेला. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. तात्यांच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत बोर्डच राहिलं.

या गोष्टींनी मी भारावून जायचो. एकदा त्या तशाच्या तशा मी तात्यांच्या बरोबरीच्या, बौद्धवाड्यातल्या एका आजोबांना सांगितल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "शाळा देवळात होती न्हवं? मग मी कुठं बसत असंन?"

तात्यांच्या एवढ्या तपशीलवार गोष्टींत देवळाची पायरी कधीच आली नव्हती. आजोबा पायरीखाली उन्हात बसायचे, पाटी लांबूनच दाखवायचे. पारावरच्या त्या चार जाणत्यांत त्यांच्या वडिलांना जागा असण्याचा प्रश्नच नव्हता.

डॉ. आंबेडकरांनी हेच पाहिलं होतं. १९२८ साली सायमन कमिशनपुढं बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे त्यांनी जे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शिक्षण स्थानिक बोर्डांकडे सोपवण्यालाच विरोध होता. बोर्डावर बसणार गावातलेच वरचढ लोक. ते अस्पृश्यांच्या पोरांना शाळेत नीट शिकू देतील, हा भरवसा कुणी धरावा? शाळांच्या स्वायत्ततेवर हिरिरीनं बोलणाऱ्यांनी हे निवेदन आधी वाचावं, असं मला वाटतं.

म्हणून सगळं मुंबईत ठरवावं का? तेही करून झालं. २०२४-२५ मध्ये 'एक राज्य, एक गणवेश' आलं. त्याआधी शाळा व्यवस्थापन समिती एका गणवेशाला तीनशे रुपये या हिशेबानं गावातल्या नाहीतर तालुक्यातल्या शिंप्याकडून कपडे शिवून घेत असे. पोराचं माप शिंप्यानं घेतलेलं असायचं, उसवलं तर त्याच्या दारात जाता यायचं. त्या वर्षी कापड राज्यपातळीवरून आलं आणि शिलाई बचत गटांकडे गेली. १५ ऑगस्ट उलटून गेला तरी कितीतरी शाळांत गणवेश पोचला नव्हता. पोचला तिथं कुठं बाही आखूड, कुठं कंबर सैल. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं हा अधिकार पुन्हा समित्यांना दिला. चड्डीचं माप मंत्रालयातून घेता येत नाही, एवढं कळायला पोरांचं एक वर्ष गेलं.

तात्यांचं खरं होतं आणि पायरीखालच्या आजोबांचं त्याहून खरं होतं. गावानं ठरवावं, पण ठरवायला बसणार कोण, ते आधी पाहावं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात त्याची सोय आहे. समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात, वंचित घरांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. शाळेचा विकास आराखडाही समितीनंच करायचा. कागदावर हा पार चांगलाच रुंद झाला आहे. प्रत्यक्षात माझी वहिनी एका समितीची सदस्य आहे आणि ठरावाची वही तिच्याकडे घरी येते ती सहीपुरती. "सही करा वहिनी, ठराव मागनं लिहितो." तिनं एकदा आधी वाचून दाखवायला सांगितलं, तर वही आणणारा पोरगा गोंधळूनच गेला.

तुमचं मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत असेल, तर पुढच्या पालकसभेला जा. समितीत कोण आहे, त्यांची निवड कशी झाली, ते विचारा. मागच्या बैठकीचं इतिवृत्त मागा आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला लावा.