कॅमेऱ्याचं वजन

मागच्या महिन्यात नागपूरला जाऊन माझा जुना डीएसएलआर, त्याच्या दोन जड लेन्ससकट, देऊन टाकला आणि पर्समध्ये मावेल असा छोटा कॅमेरा घेतला. दिघोरीत परतल्यावर शाळेत एका सरांनी विचारलं, "मॅडम, एवढा भारी कॅमेरा का घालवलात?" उत्तर थोडं इतिहासात आहे, थोडं माझ्या घरात.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली सुरू झाली. त्या काळच्या एका पद्धतीत काचेवर रसायनाचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच फोटो काढून धुवायचा. बाहेर जायचं तर काचा, बाटल्या, तिपाई आणि अंधारा तंबू सोबत. एवढा पसारा कोणाच्या दारी जाणार? साहेबांच्या आणि राजेरजवाड्यांच्या. गरिबाचा फोटो निघालाच, तर बहुधा 'अमुक जातीचा नमुना' म्हणून, नावाशिवाय.

जर्मनीतल्या ऑस्कर बार्नाकला दमा होता. जड कॅमेरा उचलवेना, म्हणून त्याने सिनेमाच्या ३५ मिमी फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा बनवला. तोच लायका, १९२५ साली बाजारात आला.

आपल्याकडे होमाई व्यारावाला. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या, १९४२ साली दिल्लीला गेलेल्या. साडी नेसून, सायकलवरून कॅमेरा घेऊन फिरत. त्यांच्याकडे स्पीड ग्राफिकही होता आणि रोलीफ्लेक्सही. पहिल्यात दर फोटोला फिल्म बदलायची, दुसऱ्यात एका रोलवर बारा फोटो. शिवाय रोलीफ्लेक्स पोटाशी धरून खाली बघत फोटो काढता येतो, समोरच्याच्या तोंडावर रोखावा लागत नाही.

हे 'रोखणं' मला ठाऊक आहे. मोठा कॅमेरा काढला की आमची दादी दुपट्टा तोंडावर ओढायची. म्हणायची, "ये तोप हटा." आज तिचा एकच फोटो आहे, मतदार ओळखपत्रावरचा, अर्धा पुसलेला.

परवा शेजारच्या खाला अंगणात तांदूळ निवडत होत्या. छोटा कॅमेरा दाखवून विचारलं, "काढू का?" हसून म्हणाल्या, "हा कॅमेरा आहे होय? काढ मग." सूप हातातच राहिलं.

त्या फोटोची प्रत काढली. मागे त्यांचं नाव आणि तारीख लिहिली, उर्दूत आणि मराठीतही. तुमच्या घरातल्या फोटोंमागे नावं आहेत का? सांगणारं माणूस आहे तोवर लिहून घ्या.