हाड आणि प्लास्टर : मेरी अ‍ॅनिंगची कादंबरीतील प्रेमकथा

संग्रहालयात एखादा अपूर्ण सांगाडा उभा करायचा असला की गहाळ हाडांच्या जागी प्लास्टर भरतात. चांगल्या संग्रहालयात या प्लास्टरचा रंग मुद्दाम थोडा वेगळा ठेवलेला असतो. खरे हाड कोणते आणि अनुमानाने भरलेले कोणते, हे पाहणाऱ्याला कळावे, हा त्यामागचा हेतू. ऐतिहासिक कादंबरीकारही गहाळ जागा भरतो. मात्र रंग वेगळा ठेवण्याचे बंधन त्याच्यावर नसते. इंग्लंडमधील जीवाश्मसंशोधक मेरी अ‍ॅनिंग (१७९९-१८४७) हिच्यावरील कादंबऱ्या वाचताना हा फरक सतत जाणवत राहतो. कारण येथे ज्या जागी प्लास्टर भरले गेले, ती जागा बहुधा प्रेमाची आहे.

प्रथम हाडे पाहू. मेरीचा जन्म डॉर्सेट परगण्यातील लाइम रीजिस या समुद्रकाठच्या गावी झाला. वडील रिचर्ड हे सुतार; फर्निचर बनवीत आणि फावल्या वेळात कड्यांतून निघणारे जीवाश्म प्रवाशांना विकत. त्यांत मुख्यतः अ‍ॅमोनाइट असत. मराठी वाचकाला अ‍ॅमोनाइट अपरिचित नाही. देवघरातील शाळिग्राम, म्हणजे नेपाळातील गंडकी नदीच्या पात्रातून येणारा चक्रांकित काळा दगड, हा याच प्राणिवर्गाचा जीवाश्म. आपण त्याचे तुळशीशी लग्न लावले; लाइमच्या लोकांनी त्याला विक्रीची चीज मानले. १८१० मध्ये वडील कर्ज मागे ठेवून वारले आणि ही विक्री कुटुंबाच्या पोटाचा आधार झाली. १८११ मध्ये भाऊ जोसेफ याला एक प्रचंड कवटी सापडली आणि पुढल्या वर्षी मेरीने उरलेला सांगाडा शोधून काढला. तो इक्थिओसॉरचा होता. तेव्हा तिचे वय जेमतेम तेरा होते. १८२३ मध्ये तिने प्लेसिओसॉरचा पहिला संपूर्ण सांगाडा मिळविला. त्याची मान इतकी लांब होती की पॅरिसच्या क्युव्हिएला तो बनावट असल्याचा संशय आला. १८२४ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत विल्यम कॉनिबेअर यांनी त्यावर निबंध वाचला, त्यात मेरीचे नाव नव्हते. या सोसायटीत स्त्रियांना फेलो होता आले ते १९१९ मध्ये.

मेरी अविवाहित राहिली. तिने कोणावर प्रेम केले, याचा कोणताही पुरावा नाही. नेमकी हीच जागा कादंबरीकारांना खुणावते. ट्रेसी शेव्हालिए यांच्या 'रिमार्केबल क्रीचर्स' (२००९) मध्ये मेरीचे मन कर्नल बर्च या संग्राहकात गुंतते. जोन टॉमस यांच्या 'क्युरिऑसिटी' (२०१०) मध्ये तिचे प्रेम हेन्री डे ला बेश याच्यावर आहे. हेन्रीबद्दलचे अनुमान अगदीच निराधार म्हणता येत नाही. सैनिकी शाळेतून काढून टाकलेला हा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आईबरोबर लाइमला राहायला आला आणि मेरीसोबत किनाऱ्यावर जीवाश्म शोधू लागला. वादळानंतर कोसळलेला कडा, भरतीपूर्वीचे मोजके तास आणि दोन कोवळी वये : कुमारकादंबरीला आणखी काय हवे? दोघांमधील दरीही कादंबरीला साजेशी. हेन्रीचे उत्पन्न जमैकातील गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या मळ्यातून येई. मेरीच्या घरी भाकरीची भ्रांत होती. १८१८ मध्ये हेन्रीने लेटिशिया व्हाइट हिच्याशी विवाह केला.

तेव्हा आक्षेप प्लास्टर भरण्याला नाही. ते कोठे भरले आणि त्याने काय झाकले गेले, याला आहे. जिचे श्रम पुरुषांच्या नावावर जमा झाले, तिच्या आयुष्याचा अर्थही कोणा पुरुषाच्या होकार-नकारावर ठरू लागला, तर कादंबरी नकळत त्या १८२४ च्या सभेचेच काम पुढे चालविते. प्रेमकथेत कडा ही पार्श्वभूमी होते आणि हातोडा अलंकार.

याउलट, दस्तऐवजांत जे नाते दिसते ते अधिक विलक्षण आहे. १८३० मध्ये मेरी आर्थिक अडचणीत असताना हेन्रीने 'ड्युरिया अँटिकिअर', म्हणजे प्राचीन डॉर्सेट, हे चित्र काढले. त्यातील पोहणारे, झुंजणारे प्राणी मुख्यतः मेरीच्या जीवाश्मांवरून कल्पिलेले. जीवाश्मांच्या आधारे एक लुप्त जग जिवंत रंगविणाऱ्या पहिल्या चित्रांपैकी हे एक होय. त्याच्या छापील प्रती विकून आलेले पैसे मेरीला देण्यात आले. १८४७ मध्ये ती स्तनाच्या कर्करोगाने वारली. पुढील वर्षी सोसायटीचा अध्यक्ष या नात्याने हेन्रीने तिच्यावर मृत्युलेख वाचला. जी सभासद होऊ शकत नव्हती, तिच्यावर. या पस्तीस वर्षांच्या नात्याला प्रेम म्हणावे का? म्हणता येईल, पण मग त्या शब्दाची व्याप्ती वाढवावी लागेल. दोघांनी एकाच दगडाकडे पाहिले आणि दोघांना त्यात एकच हरवलेला समुद्र दिसला, हे त्या नात्याचे मूळ. एलिझाबेथ फिलपॉट या वयाने बऱ्याच मोठ्या असलेल्या संग्राहक मैत्रिणीशी मेरीचे जे सख्य होते, त्याचे मूळही तेच. 'रिमार्केबल क्रीचर्स' मधील सर्वांत सकस भाग या मैत्रीचा आहे, बर्चचा नव्हे, हे लक्षणीय होय.

किशोरवयीन वाचकाला प्रेमकथेवाचून इतिहास गोड लागत नाही, असे आपण शिक्षकमंडळी सहज गृहीत धरतो. लाइम रीजिसचा अनुभव वेगळा आहे. मेरीचा पुतळा गावात का नाही, हा प्रश्न एका शाळकरी मुलीने विचारला. त्यातून मोहीम उभी राहिली आणि मे २०२२ मध्ये पुतळ्याचे अनावरण झाले. त्या पुतळ्यात मेरी कोणाची वाट पाहत उभी नाही. हाती हातोडा आणि पायाशी आपला कुत्रा घेऊन ती कड्यांकडे निघाली आहे.