दूध न पिणारा मिल्कस्नेक

धामण गाईच्या मागच्या पायांना विळखा घालते आणि आचळाला लागून दूध पिते, हे मी लहानपणी घरी मराठीत ऐकले आणि शेजारी कानडीत. तिकडे धामणीऐवजी ‘केरे हावू’, एवढाच फरक! उत्तर अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचीही अशीच समजूत होती, हे पुष्कळ उशिरा वाचनात आले. उंदरांच्या मागे गोठ्यात शिरणाऱ्या एका बिनविषारी सापाला त्यांनी ‘मिल्कस्नेक’ म्हटले. सापाला आचळ ओढता येत नाही. पण नाव चिकटले ते चिकटलेच.

त्याचा भाऊबंद किंगस्नेक. तो इतर सापांनाही गिळतो. घोणशीच्या कुळातल्या रॅटलस्नेकचे विषसुद्धा त्याला सहसा बाधत नाही. म्हणून तो राजा. काही मिल्कस्नेकांच्या अंगावर तांबडे, काळे, पिवळे पट्टे असतात, विषारी कोरल सापासारखे. या रंगांनी हौशी माणसे वेडी झाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरोघरच्या पेट्यांत त्यांची पैदास होऊ लागली. हिवाळ्यात दोन-तीन महिने गारव्यात उपाशी ठेवायचे, वसंतात जोडी जमवायची, अंडी उबदार ओलाव्यात ठेवायची. साधारण दोन महिन्यांत पिल्ले बाहेर पडतात. एरवी मात्र प्रत्येकाची पेटी वेगळी, नाहीतर सकाळी दोघांचा एकच उरायचा! मेंडेलचा नियम इथे पैशात मोजला गेला. पांढरेपणाचा गुण लपवून असलेली जोडी लावली, तर सरासरी चारांत एक पिल्लू पांढरे, लाल डोळ्यांचे निघते.

छंद म्हणून मला यात गैर दिसत नाही. वाईट घडले ते स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर. तिथे मूळचा साप एकही नव्हता. पाळीव कॅलिफोर्निया किंगस्नेक सुटले किंवा कुणी सोडून दिले. 1998 साली मोकळ्या रानात पहिली नोंद झाली. पुढे सापडलेल्यांत पांढरेही पुष्कळ होते, म्हणजे कुळी पेटीतलीच. फक्त त्याच बेटांवर आढळणाऱ्या तिथल्या थोराड सरड्यांना साप हा शत्रूच ठाऊक नव्हता. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, जिथे साप पसरले तिथे हे सरडे नव्वद टक्क्यांहून अधिक घटले. सरडे फळे खाऊन बिया पसरवतात. तेव्हा झाडोराही धोक्यात आला.

युरोपीय संघाने 2022 साली किंगस्नेक घातक परक्या प्राण्यांच्या यादीत घातला. बेटावर सापळे लावून हजारो साप पकडले गेले. परंतु हा साप बराच काळ जमिनीखाली काढतो, त्यामुळे वर सापडतात ते थोडेच.