विश्वास, दान आणि सोंग : शारदा सदनाचा वाद पुन्हा वाचताना



मागच्या व्याख्यानानंतर एक तरुण श्रोता जिन्यापर्यंत माझ्याबरोबर आला आणि त्याने विचारलं, "सर, धर्मासाठी दान देणारा माणूस मनापासून देतो की दाखवण्यासाठी देतो, हे ओळखायचं कसं?" जिन्यात उभं राहून याचं उत्तर देता येत नाही. म्हणून आजचा विषय तोच घेतला आहे. पण तो हवेतला राहू नये म्हणून याच पुणे शहरात घडलेलं एक प्रकरण घेऊ या : पंडिता रमाबाईंचं शारदा सदन आणि 1893 साली त्यावरून झालेलं वादळ.

आधी ख्रिस्ती धर्मग्रंथ या बाबतीत काय म्हणतो ते थोडक्यात पाहू. शुभवर्तमानात 'ढोंगी' या अर्थी जो मूळ ग्रीक शब्द येतो, त्याचा जुना अर्थ आहे नट, रंगमंचावर सोंग घेणारा. आपल्याकडे 'सोंग' आणि 'ढोंग' हे शब्द शेजारी बसतात, तसंच काहीसं. येशूचा रोख आहे तो चारचौघांत गाजावाजा करून दान करणाऱ्यांवर. दुसरीकडे एक गरीब विधवा मंदिराच्या पेटीत दोन क्षुल्लक नाणी टाकते आणि तिचं दान श्रीमंतांच्या दानापेक्षा मोठं ठरतं, कारण तिने होतं ते सगळं दिलं.

पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातली हनन्या आणि सप्पीरा यांची गोष्ट. हे जोडपं जमीन विकतं, आलेल्या पैशातले काही मागे ठेवतं आणि उरलेले आणून देताना भासवतं की हे सगळेच. पेत्र त्यांना काय म्हणतो? कमी का दिलं, असं तो म्हणत नाही. जमीन तुमची होती, पैसे तुमचे होते, न देण्याची मोकळीक होती. खोटं का बोललात, एवढंच तो विचारतो. म्हणजे बघा, दोष कमी देण्याचा नाही. थोडं देऊन सगळं दिल्याचा देखावा करण्याचा आहे. हा फरक शेवटपर्यंत लक्षात ठेवा.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीच्या अपेक्षेने दिलेलं ते राजस. तेव्हा ही चिंता एकाच धर्माची आहे असं नाही.

आता पुण्यात येऊ.

रमाबाईंचा जन्म 1858 सालचा. आईवडील दुष्काळात गेले. भावाबरोबर देशभर पायी फिरल्या, कलकत्त्यात संस्कृत विद्वत्तेसाठी गौरवल्या गेल्या, विवाह झाला, वैधव्य आलं आणि 1882 मध्ये त्या पुण्याला आल्या. इथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. प्रवासाचा खर्च त्यांनी 'स्त्री धर्म नीति' या आपल्या पुस्तकाच्या उत्पन्नातून उभा केला. वाँटेज गावातल्या अँग्लिकन भगिनींच्या मठात त्या राहिल्या, तेव्हाही बोलणं असं होतं की हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींना रमाबाईंनी मराठी शिकवायचं. कुणाच्या दानावर मिंधं होऊन राहायचं नाही, ही वृत्ती पहिल्यापासून दिसते.

29 सप्टेंबर 1883 रोजी तिथेच त्यांनी लहान मुलीसह बाप्तिस्मा घेतला. इकडे पुण्यात संताप झाला. 'आश्रय दिला आणि बाटवलं' हा तर्क सोपा होता. पण तिकडे काय चाललं होतं? बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाई भगिनी जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून वाद घालत होत्या. त्रैक्याचा सिद्धान्त मला पटत नाही, जे पटत नाही ते पटलं असं मी म्हणणार नाही, अशी त्यांची भूमिका. जेराल्डिनबाईंना त्यात अहंकार दिसला. गंमत बघा. पुण्याच्या मते ही बाई आश्रयापोटी ख्रिस्ती झाली आणि आश्रयदात्यांच्या मते ही बाई पुरेशी ख्रिस्ती होत नव्हती. सोंगच घ्यायचं असतं तर यजमानांच्या मनासारखं बोलणं किती सोपं होतं! ते त्यांनी केलं नाही. हा पत्रव्यवहार 1977 मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला आहे. जिज्ञासूंनी तो जरूर वाचावा.

पुढे त्या अमेरिकेला गेल्या. 1887 मध्ये बॉस्टनला त्यांच्या कार्यासाठी संघ स्थापन झाला आणि दहा वर्षं पैसे पुरवण्याचं त्याने मान्य केलं. एक अट होती : शाळेत धर्मप्रचार होणार नाही, मुलींना आपापला धर्म पाळण्याची मोकळीक राहील. अट देणाऱ्यांनी घातली, घेणारीने मान्य केली. त्या भरवशावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. सल्लागारांत न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं होती. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई, पुढच्या आनंदीबाई कर्वे.

नोव्हेंबर 1890 मध्ये सदन पुण्याला आलं. मुहूर्त कसला होता पाहा! ऑक्टोबरमध्येच पंचहौद मिशनमधला चहा गाजला होता. रानडे, टिळक, गोखले मिशनऱ्यांकडे चहाला गेले, कुणी प्यालं, कुणी नुसतं पुढ्यात घेतलं, आणि गोपाळराव जोश्यांच्या खटपटीने सगळ्यांची नावं छापून आली. मग ग्रामण्य, मग प्रायश्चित्त. रानड्यांनी 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतलं, तेव्हा त्यांच्याच सुधारक मित्रांनी त्यांना बोल लावले. कोण खरा आणि कोण 'बोलका' सुधारक, हे जोखण्याचा या शहराला तेव्हा छंदच जडला होता. अशा गावात एक ख्रिस्ती ब्राह्मण विधवा हिंदू विधवांची शाळा चालवणार होती.

सदनात काय घडत होतं? धर्माचे वर्ग नव्हते. सोवळ्याओवळ्याची सोय ठेवलेली होती. पण रमाबाई आपल्या खोलीत मुलीबरोबर प्रार्थना करत आणि खोलीचं दार उघडं असे. ज्या मुलींना यावंसं वाटे त्या येत. 'या' असं म्हटलेलं नाही आणि 'येऊ नका' असंही म्हटलेलं नाही. याच सुमारास, 1891 च्या आसपास, रमाबाईंच्या स्वतःच्या श्रद्धेतही मोठा बदल झाला. आजवर आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त आता सापडला, अशा आशयाचं त्यांनी पुढे लिहिलं. श्रद्धा खोल होत गेली तशी ती उघड्या दारातून बाहेर येऊ लागली. काही मुली ख्रिस्ती धर्माकडे झुकल्या. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. ऑगस्ट 1893 मध्ये रानडे आणि भांडारकर यांनी संबंध तोडले आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. बॉस्टनच्या संघाने चौकशीसाठी आपली प्रतिनिधी इथे पाठवली आणि रमाबाईंवरचा विश्वास कायम ठेवला.

आता प्रश्न : रमाबाई ढोंगी होत्या का?

मी या प्रश्नाचे दोन तुकडे करतो. पहिला, त्यांची श्रद्धा खरी होती का? दुसरा, त्यांचा व्यवहार खरा होता का? आपण हे दोन एकच समजतो आणि तिथे फसतो.

पहिल्याविषयी मला शंका नाही. ज्या श्रद्धेपायी माणूस आधी जातभाईंचा, मग धर्मगुरूंचा आणि शेवटी मित्रांचा रोष पत्करतो, ती कमाईसाठी घेतलेली नसते. तरीही सांगतो, हे अनुमान आहे. आपण स्वतःच्या कृतीचा अगदी तळाचा हेतूसुद्धा खात्रीने जाणू शकत नाही, असं कांट म्हणतो. मग दुसऱ्याच्या मनाचा पंचनामा कोण करणार?

दुसऱ्या तुकड्याचं उत्तर अवघड आहे. जमलेल्या प्रत्येकाने आपल्याला त्या काळच्या एका बापाच्या जागी ठेवून पाहावं. मुलगी बारा-तेरा वर्षांची विधवा. केशवपनाचा धोका. सारा गाव विरोधात. तो तिला सदनात धाडतो, कारण रानड्यांचं नाव आहे आणि 'धर्माला हात लावणार नाही' हा शब्द आहे. त्याला उघड्या दाराची गोष्ट कळल्यावर काय वाटलं असेल? दार उघडं ठेवणं हे अटीच्या अक्षराचं उल्लंघन नव्हतं, हे मान्य. पण ज्या बाईंनी जेवूखाऊ घातलं, शिकवलं, माणूस म्हणून वागवलं, त्यांच्या दाराची ओढ मुलींना किती असेल, हे रमाबाईंना कळत नव्हतं असं म्हणवत नाही. तेव्हा रानडे आणि भांडारकर यांची तक्रार निव्वळ सनातनी नव्हती. दिलेल्या शब्दाची होती.

आणि रमाबाईंची बाजू? स्वतःच्या घरात देवाचं नाव घेताना दार लावून घ्यायचं, हेच त्यांना सोंग वाटलं. म्हणजे पेच असा : अट पाळावी तर श्रद्धेशी प्रतारणा, आणि श्रद्धा पाळावी तर अटीशी. इथे खलपुरुष कुणीच नाही, आणि म्हणूनच हे प्रकरण शिकण्यासारखं आहे. चूक मला दिसते ती त्या व्यवस्थेत. जळती श्रद्धा असलेल्या माणसाला तटस्थ राहण्याच्या बोलीवर पैसे द्यायचे, आणि गरज आहे म्हणून त्याने ते घ्यायचे.

रमाबाईंना हे कळलं असावं, कारण पुढची पावलं तशी पडली. दहा वर्षांची मुदत संपल्यावर उत्पन्न असावं म्हणून त्यांनी दौंडच्या अलीकडे केडगावला जमीन घेऊन फळबाग लावली होती. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून त्यांना केडगावी ठेवलं. तेच पुढे 'मुक्ती' झालं. 1898 मध्ये बॉस्टनच्या संघाची पुनर्रचना झाली, तटस्थतेची बोली गेली, आणि मुक्ती उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून उभी राहिली. पाटीवर होतं तेच आत होतं. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांचा आदर्श त्यांच्यासमोर होता : माणसांपुढे हात पसरायचा नाही, प्रार्थना करायची आणि जे येईल त्यावर चालवायचं. विणकाम, छापखाना, शेती यांतून मुलींच्या हातांना कामही दिलं.

म्हणजे प्रश्न मिटला का? नाही. आता तो जास्त धारदार झाला. जिचं पोट पाठीला लागलं आहे, तिला अन्न आणि धर्म एकाच ताटात वाढले, तर तिने कुठला घास कशासाठी घेतला हे कसं सांगणार? 'पोटासाठी बाटले' हा शेरा मारणं सोपं आहे. मी तो मारणार नाही, कारण शेरा मारणाऱ्यांपैकी किती जण त्या मुलींसाठी भाकरी घेऊन गेले होते, हेही विचारावं लागतं. पण देणाऱ्यानेही स्वतःला विचारायला हवं : ही मुलगी उद्या 'नाही' म्हणाली, तर तिचं ताट तसंच राहील का? दानाची कसोटी माझ्या मते इथे लागते.

या वादातून पुण्याला एक उत्तर मिळालं, तेही सांगतो. गोदूबाई सदनात शिकल्या आणि हिंदूच राहिल्या. 11 मार्च 1893 रोजी त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. 1896 मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, जो पुढे हिंगण्याला गेला. शारदा सदनावर नुसती टीका न करता त्याच्या तोडीचं काम उभं करणारा हा माणूस होता. दारोदार वर्गणी गोळा करायची आणि पैशापैशाचा हिशेब ठेवायचा, ही त्यांची रीत.

दुसरं उत्तर ख्रिस्ती समाजातूनच आलं. रेव्हरंड ना. वा. टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं दुरावल्या. त्या पुढे स्वतःच्या विचाराने त्या धर्मात आल्या, हे 'स्मृतिचित्रे'च्या वाचकांना माहीत आहे. टिळकांनी अमेरिकन मिशनमध्ये पगारावर दीर्घकाळ काम केलं आणि 1917 मध्ये तो पगार सोडला. 'देवाचा दरबार' काढला, ज्यात हिंदी माणसाने आपल्या पद्धतीने, कुणाचा नोकर न होता ख्रिस्ताची भक्ती करावी. पगार घेणारे सगळे ढोंगी, असं त्यांना म्हणायचं नव्हतं. पण ऐकणाऱ्याच्या मनातली 'हा पगारासाठी बोलतो' ही शंका दूर करायची, तर किंमत आपणच मोजली पाहिजे, हे त्यांनी ओळखलं.

तर त्या तरुण मित्राला माझं उत्तर असं. देणाऱ्याच्या मनात काय आहे ते तुला कळणार नाही, आणि त्याची फार चौकशीही करू नकोस. तीन गोष्टी मात्र पाहता येतात. पाटीवर आहे ते आत आहे का? घेणाऱ्याला 'नाही' म्हणता येतं का? आणि हिशेब उघडा आहे का? हनन्याच्या गोष्टीत पेत्राने तरी दुसरं काय विचारलं होतं? हे प्रश्न चर्चला विचार, देवस्थानाला विचार, आपण ज्या संस्थेच्या पावत्या फाडतो तिलाही विचार. आणि घरी गेल्यावर, जरा अवघड वाटलं तरी, स्वतःलाही विचार.

रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी केडगावला वारल्या. ज्या गावाने त्यांना ढोंगी म्हटलं, त्या गावात बसून आज आपण त्यांच्याविषयी बोललो. त्यांना निर्दोष ठरवायची गरज नाही. पण आपल्या चुकीची व्यवस्था त्यांनी स्वतः मोडली आणि उघड्यावर येऊन काम केलं, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

 आता प्रश्न विचारा.