टॉय ट्रेन आणि कोळशाचा हिशेब

सुकन्याला पोस्टिंग असताना दार्जिलिंग हिमालयन रेल्वेचे रूळ रोज ओलांडावे लागत. पर्यटकांची ती टॉय ट्रेन. फौजी माणसाला तिच्यात जुनाच प्रश्न दिसतो: रसद वर पोचवायची, तर वाहणाऱ्याच्या पोटाला किती लागणार? डोंगर चढणारे खेचर दाणा खातेच. वाफेचे इंजिनही तसेच.

१८८१ मध्ये फ्रँकलिन प्रेस्टेजची ही दोन फुटी रेल्वे हिल कार्ट रोडच्या कडेने दार्जिलिंगला पोचली. वाटेतले घूम २२५८ मीटर उंचीवर. रस्त्याचा चढ बैलगाडीला चालला, इंजिनाला जड गेला. १८८२ मध्येच सुकना ते गयाबारी दरम्यान चार लूप आणि चार झिगझॅग बांधावे लागले.

लूप घातला म्हणून डोंगर बुटका होत नाही. मग फायदा कुठे? खड्या चढावर इंजिनाची बरीच ताकद स्वतःचेच वजन उचलण्यात जाते, मागे डबे थोडेच लागतात. शिवाय जोर लावला की धुराड्याचा झोत वाढतो आणि भट्टीतला बारीक कोळसा न जळताच बाहेर उडतो. चढ सौम्य झाला की एका खेपेत जास्त माल जातो. घूमजवळचा बतासिया लूप १९१९ चा, त्याचेही गणित हेच. आज त्याच्या मधोमध गोरखा जवानांचे स्मारक आहे.

१८८९ पासून आलेल्या बी क्लास इंजिनांना वेगळे टेंडर नव्हते. कोळसा आणि पाणी इंजिनावरच, म्हणजे ते वजनही चाकांची पकड वाढवण्याच्या कामी. पुढे बसलेली दोन माणसे निसरड्या रुळांवर वाळू टाकत, कारण चाक जागच्या जागी फिरले की वाफ फुकट गेली.

आणि कोळशाच्या ढिगावर बसून ढेकळे फोडणारा एक माणूस असे. तुकडा मोठा राहिला तर आग नीट धरत नाही, चुरा झाला तर जाळीतून गळतो किंवा धुराड्यातून उडतो. मुठीएवढा तुकडा हवा. फायरमनने तो थोडा थोडा, भट्टीत सारखा पसरून टाकायचा. धुराड्यातून दाट काळा धूर निघाला, तर इंधन वाया चालल्याची ती खूण.

प्रेस्टेजचे नाव इतिहासात आहे, कोळसा फोडणाऱ्यांचे नाही. पण लूप एकदाच बांधून झाला. कोळसा मात्र रोज फोडावा लागला.