०३/०४ : एक तारीख, दोन अर्थ

१/ ०३/०४/२०२४. पुण्यातील वाचकाला ही ३ एप्रिल वाटते, अमेरिकेतील वाचकाला ४ मार्च. १३ तारखेपासून अशी चूक उघडी पडते. खरा धोका महिन्याच्या पहिल्या १२ दिवसांचा. ईमेल आणि कॅलेंडरमधील ‘तारखेचे स्वरूप’ या सेटिंगमागे याच संदिग्धतेचा इतिहास आहे.

२/ ऑगस्ट १९८२. ‘आरएफसी ८२२’ या दस्तऐवजाने अरपानेटवरील ईमेलचा साचा निश्चित केला. तारखेत आधी दिवस, मग महिन्याच्या इंग्रजी नावाची तीन अक्षरे, शेवटी वर्ष. महिना अक्षरांत असल्याने घोटाळ्याला वावच उरला नाही. वर्षाला मात्र दोनच अंक मिळाले : १९८२ ऐवजी ८२.

३/ महिना नावाने लिहिण्याची ही रीत मराठी दफ्तरांना परिचित होती. पेशवेकालीन मोडी पत्रांत ‘छ’ या खुणेपुढे चंद्रदिन, नंतर हिजरी महिन्याचे नाव येते. शुहूर सन अरबी संख्याशब्दांत असतो. ‘अर्बा खमसैन मया व अलफ’ म्हणजे चार, पन्नास, शंभर आणि हजार : ११५४. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन १७५३-५४ मिळतो. शेवटचे ‘मया व अलफ’ गाळले, तर शतक अभ्यासकाला मजकुरावरून ताडावे लागते.

४/ ईमेलमधील ही उणीव ऑक्टोबर १९८९ मध्ये ‘आरएफसी ११२३’ने दूर केली, वर्षासाठी चार अंकांची शिफारस झाली. त्याआधी १९८८ मध्ये ‘आयएसओ ८६०१’ने वर्ष-महिना-दिवस हा क्रम प्रमाण मानला होता. या क्रमाने लिहिलेल्या तारखा अंकानुक्रमे लावल्या की आपोआप कालानुक्रमे लागतात. १९९८ च्या ‘आयकॅलेंडर’ मानकानेही हाच क्रम घेतला : २०२४०४०३.

५/ म्हणजे कॅलेंडरच्या पोटात तारीख एकाच ठरलेल्या रूपात राहते. पडद्यावर ती वापरकर्त्याने निवडलेल्या रूपात उमटते. सेटिंग बदलल्याने दिवस बदलत नाही, त्याचे लेखन बदलते.

६/ या सोयीला एक मर्यादा आहे. पत्राच्या मजकुरात माणसाने स्वतः टंकलेली ०३/०४ कोणतेही सेटिंग दुरुस्त करत नाही. करार, भेटीची वेळ किंवा उद्याचे ऐतिहासिक साधन, सर्वांसाठी ‘३ एप्रिल २०२४’ हेच लेखन निर्धोक. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाने महिना नावानेच लिहिला. त्यामुळे त्याच्या पत्रातील दिवस आणि महिना आजही एकमेकांत मिसळत नाहीत.